डिझेल इंजिन फिरूनही सुरू न होणे

डिझेल इंजिन फिरूनही सुरू न होणे हा लहान, विशेषतः एक सिलिंडरच्या, डिझेल इंजिनांमध्ये वारंवार आढळणारा दोष आहे. हँडल मारल्यावर किंवा स्टार्टर लावल्यावर इंजिनाचा क्रँकशाफ्ट फिरतो, फ्लायव्हील गती घेते, परंतु सिलिंडरमधील इंधन पेट घेत नाही आणि इंजिन स्वतःच्या बळावर चालू राहत नाही. इंजिन मुळीच फिरत नसेल, म्हणजे जाम झाले असेल किंवा स्टार्टर हलत नसेल, तर तो निराळा दोष असून त्याचा विचार या लेखात केलेला नाही.

शेतीपंप, जनित्र, पॉवर टिलर, काँक्रीट मिक्सर, मळणीयंत्र व लहान मासेमारी होड्या यांवर अशी इंजिने वापरली जातात. पिकाला पाणी देण्याची वेळ आलेली असताना किंवा होडी समुद्रात असताना इंजिन बंद पडल्यास होणारे नुकसान दुरुस्तीच्या खर्चाहून पुष्कळ मोठे असते. दोषाचे कारण बहुधा साधे असते. तरीही ते क्रमाने न शोधता थेट हेड उतरवण्याची किंवा इंधन पंप खोलण्याची प्रथा आढळते आणि त्यातून पूर्वी नसलेले दोष निर्माण होतात.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात विहिरीवरील डिझेल इंजिनास बोलीभाषेत नुसते ‘इंजिन’ किंवा ‘ऑइल इंजिन’ म्हणतात. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात स्थापन झाली. खेडोपाडी वीज पोहोचण्यापूर्वीच्या काळात बागायतीचा विस्तार मोठ्या प्रमाणावर अशा इंजिनांवर अवलंबून होता. गुजरातमधील राजकोट येथे ब्रिटिश ‘लिस्टर’ आणि ‘पीटर’ या नमुन्यांवर आधारलेली इंजिने अनेक लहान कारखान्यांत तयार होऊ लागली व तीही महाराष्ट्रात पसरली. लिस्टर पद्धतीची इंजिने मंदगती, जड फ्लायव्हीलची असतात. पीटर पद्धतीची इंजिने त्यामानाने वेगवान व हलकी असतात. दोष शोधण्याचे तत्त्व दोन्हींत एकच आहे.

तत्त्व

पेट्रोल इंजिनात ठिणगीने इंधन पेटवले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डीझेल यांनी १८९२ मध्ये एकस्वासाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे त्यांचे यशस्वी इंजिन सिद्ध झाले. त्यामागील कल्पना अशी होती की, हवा पुरेशी दाबली म्हणजे ती इतकी तापते की तिच्यात सोडलेले इंधन आपोआप पेटते. लहान इंजिनांत हवा साधारणपणे मूळ आकारमानाच्या सोळाव्या ते अठराव्या भागाइतकी दाबली जाते व चालू इंजिनात तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जाते.

यावरून इंजिन सुरू होण्यास लागणाऱ्या गोष्टी ठरतात : पुरेशी हवा, ती तापेल इतके संपीडन, बारीक तुषारांच्या रूपात आलेले इंधन आणि इंधन सोडण्याची अचूक वेळ. चारही गोष्टी जागेवर असतील तर डिझेल इंजिन सुरू होण्यावाचून राहत नाही. त्यामुळे दोषनिदान म्हणजे यांपैकी कोणती गोष्ट कमी आहे याचा शोध होय.

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत परिचित असलेले किर्लोस्कर टीव्ही-१ हे इंजिन उदाहरणादाखल घेता येईल. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८७.५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ११० मिलिमीटर आणि आकारमान सुमारे ६६१ घनसेंटीमीटर आहे. संपीडन गुणोत्तर १७.५ असल्यामुळे पिस्टन सर्वांत वर असताना उरणारी जागा केवळ ४० घनसेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या चहाच्या कपाहूनही कमी, असते. १५०० फेऱ्यांवर ५.२ किलोवॅट शक्ती देताना दर दुसऱ्या फेरीला एकदा, म्हणजे मिनिटाला ७५० वेळा इंधन सोडले जाते. डिझेलचा नेहमीचा खप धरून हिशेब केल्यास एका वेळचे इंधन साधारण ३५ घनमिलिमीटर भरते. ड्रॉपरमधून पडणारा एक थेंबसुद्धा याहून मोठा असतो. एवढ्या लहान मोजमापात हवेचा एखादा बुडबुडा किंवा पाण्याचा कण किती अडथळा आणू शकतो, हे या आकड्यावरून लक्षात येते.

धुरावरून प्राथमिक निदान

कोणताही नट सैल करण्यापूर्वी इंजिन दहाएक सेकंद फिरवून सायलेन्सरमधून काय बाहेर पडते ते पाहणे ही सर्वांत उपयुक्त आणि बिनखर्चाची चाचणी होय.

धूर मुळीच नसेल, तर सिलिंडरपर्यंत इंधन पोहोचत नाही असे समजावे. अशा वेळी संपीडन, व्हॉल्व्ह किंवा रिंगा यांच्याकडे वळण्याचे कारण नसते. सर्व लक्ष टाकीपासून नोझलपर्यंतच्या मार्गावर द्यावे.

पांढरा किंवा करडा, डोळ्यांना झोंबणारा आणि कच्च्या डिझेलचा वास असलेला धूर येत असेल, तर इंधन पोहोचते पण पेटत नाही. येथे संपीडन कमी असणे, इंजिन हळू फिरणे, थंडी, इंधनात पाणी असणे, नोझल नीट न फवारणे किंवा वेळ चुकणे ही कारणे संभवतात. पाणी थंड केलेल्या इंजिनात वासरहित पांढरी वाफ येत असेल तर हेड गॅस्केट फुटून पाणी सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शंका घ्यावी.

एखाददुसरा भडका होऊन काळा धूर येत असेल आणि इंजिन पुन्हा बसत असेल, तर हवा अपुरी पडत असण्याचा संभव अधिक असतो.

इंधनपुरवठा

धूर नसलेल्या इंजिनांत बहुतेक वेळा दोष इंधनमार्गात सापडतो आणि तोही त्याच्या सुरुवातीच्या, सोप्या भागात. टाकीत डिझेल असणे, टाकीखालचा कॉक उघडा असणे, टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र मोकळे असणे या गोष्टी प्रथम पाहाव्यात. झाकणाचे छिद्र मातीने बुजले की टाकीत निर्वात निर्माण होऊन डिझेल खाली येणे थांबते. झाकण सैल केल्यावर इंजिन सुरू झाले, तर दोष तेथेच संपला.

यानंतर बंद करण्याची यंत्रणा तपासावी. हाताच्या लिव्हरने बंद होणाऱ्या इंजिनात लिव्हर ‘बंद’ स्थितीतच राहून जाते किंवा अनेक महिने इंजिन पडून राहिल्याने इंधन पंपाची रॅक त्या स्थितीत चिकटून बसते. रॅक बोटाने मागेपुढे सहज सरकली पाहिजे. चिकटलेली रॅक डिझेल सोडून हलक्या हाताने मोकळी करता येते, हातोडीने ठोकू नये. विजेवर बंद होणाऱ्या जनित्रांत हेच काम सोलेनॉइड करतो. चावी फिरवल्यावर त्याचा ‘टक’ असा आवाज येत नसेल तर फ्यूज, तार आणि सोलेनॉइड तपासावेत. काही जनित्रांत ऑइलचा दाब किंवा पातळी कमी असताना इंधन तोडणारा संरक्षक स्विच असतो. अशा वेळी दोष डिझेलमध्ये नसून क्रँककेसमधील ऑइलमध्ये असतो.

एअर धरणे. टाकी पूर्ण रिकामी होऊ दिली, फिल्टर बदलला किंवा नळीचा जोड सैल राहिला की इंधनमार्गात हवा शिरते. कारागीर याला ‘एअर धरणे’ म्हणतात. डिझेल दाबले जात नाही, हवा मात्र दाबली जाते. पंपाचा प्लंजर वर गेला की तो हवेचा बुडबुडा आकसवतो, नळीतील दाब नोझल उघडण्याइतका चढत नाही आणि प्लंजर खाली आला की बुडबुडा पुन्हा फुगतो. कितीही वेळ हँडल मारले तरी यातून सुटका होत नाही, कारण पंप त्याच बुडबुड्याशी खेळत राहतो.

हवा काढण्याचे काम टाकीकडून नोझलकडे, प्रवाहाच्या दिशेनेच, करावे लागते. प्रथम कॉक उघडून फिल्टरवरील एअर स्क्रू सैल करतात. तेथून फेसाळ डिझेल येऊन नंतर अखंड धार सुरू झाली की स्क्रू चालू धारेतच आवळतात. मग इंधन पंपावरील स्क्रूबाबत हेच करतात. टाकी उंचावर असल्यास डिझेल स्वतःच्या वजनाने येते. ती खाली असल्यास फीड पंपाची हाताची कळ दाबावी लागते. शेवटी उच्चदाब नळीचा नोझलकडील नट एक-दीड आटा सैल करून, वेगाची लिव्हर पूर्ण उघडी ठेवून, इंजिन फिरवतात. नटाजवळ बुडबुडे थांबून डिझेलचे झटके दिसू लागले की तो आवळतात. हँडलने सुरू होणाऱ्या इंजिनांत यानंतर डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून संथपणे हँडल फिरवल्यास नोझलमधून ‘कर्र-कर्र’ असा तुटक आवाज येतो. अनुभवी कारागीर या आवाजावरच पंप आणि नोझल दोन्ही काम करीत असल्याचे ओळखतात.

हवा काढल्यावर इंजिन सुरू होते, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तोच प्रकार घडतो, अशी तक्रार असल्यास रोज हवा काढणे हा उपाय नव्हे. कोठूनतरी हवा शिरते आहे. तांब्याचे दबलेले वॉशर, तडकलेली रबरी नळी आणि फिल्टरचे खराब झालेले रबर या जागा पाहाव्यात. डिझेल बाहेर गळत नाही म्हणून जोड घट्ट आहे असे मानणे चुकीचे ठरते. फीड पंप जेथे डिझेल खेचून घेतो तेथे सैल जोडातून डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते.

पाणी आणि घाण. पाणी डिझेलहून जड असल्याने टाकीच्या व फिल्टरच्या तळाशी साचते. अर्धवट भरलेल्या टाकीत रात्रीच्या गारव्याने वाफ गोठून पाणी जमते. पावसाळ्यात उघड्यावरील बॅरलमधूनही ते येते. पाणी व डिझेल यांच्या सीमेवर सूक्ष्मजीव वाढून काळसर बुळबुळीत गाळ तयार होतो आणि तो फिल्टर बुजवतो. तळाचा स्क्रू उघडून काचेच्या बाटलीत थोडे डिझेल घेऊन काही मिनिटे स्थिर ठेवल्यास पाणी स्पष्ट वेगळे दिसते.

पंप आणि नोझल. येथवर सारे ठीक असूनही नोझलकडील नटापाशी डिझेलचे झटके येत नसतील, तर पंपाचा प्लंजर-बॅरल झिजला असेल किंवा डिलिव्हरी व्हॉल्व्ह गळत असेल. झिजलेल्या पंपाची एक खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे : इंजिन सकाळी थंड असताना सुरू होते, परंतु तापल्यावर बंद केल्यास पुन्हा सुरू होत नाही. गरम डिझेल पातळ होते व झिजलेल्या फटीतून परत निसटते, हे त्याचे कारण. याच्या उलट, थंड असताना हट्ट करणारे आणि एकदा तापल्यावर सहज सुरू होणारे इंजिन सहसा संपीडनातील दोषाकडे बोट दाखवते.

नोझलचा दोष पांढऱ्या धुरात दिसतो. त्याची टोकाची छिद्रे काजळीने बुजली किंवा सुई अडकली की तुषारांऐवजी धार पडते, आणि धार पेटत नाही. नोझल बसवताना खालचे तांब्याचे वॉशर विसरणे अथवा जुने तसेच ठेवून त्यावर नवे घालणे ही दुरुस्तीनंतरची नेहमीची चूक आहे. पहिल्या प्रकारात दाब निसटतो, दुसऱ्यात नोझलचे टोक ज्वलनकक्षात हवे तितके पोहोचत नाही. पंप आणि नोझल यांची जुळणी अत्यंत सूक्ष्म असल्याने त्यांची दुरुस्ती शेतात न करता चाचणी यंत्र असलेल्या कार्यशाळेतच करावी.

संपीडन

इंधन येते आहे हे निश्चित झाल्यावरच संपीडनाकडे वळावे. हँडलच्या इंजिनात यासाठी उपकरण लागत नाही. वेगाची लिव्हर ‘बंद’ स्थितीत ठेवून आणि डिकॉम्प्रेशन लिव्हर खाली ठेवून फ्लायव्हील हाताने सावकाश संपीडनापर्यंत आणल्यास ते रबरी चेंडूवर दाबल्यासारखे मागे उसळले पाहिजे. फ्लायव्हील विनाविरोध पुढे सरकत असेल तर दाब निसटतो आहे. तो कोठून निसटतो हे कानांनी कळते. एअर फिल्टरच्या तोंडाशी फुसफुस ऐकू आल्यास आत घेणारा व्हॉल्व्ह, सायलेन्सरमध्ये आल्यास बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडाशी आल्यास पिस्टनच्या रिंगा किंवा लायनर सदोष असतात. रेडिएटर वा पाण्याच्या टाकीत बुडबुडे उठल्यास गॅस्केट फुटलेले असते.

व्हॉल्व्ह गळतो म्हणून तो लगेच घासावयास काढू नये. टॅपेटची फट संपली असल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही आणि फट जुळवताच संपीडन परत येते. डिकॉम्प्रेशन लिव्हरची जुळणी बिघडून ती व्हॉल्व्ह किंचित उचलून धरीत असली तरी हाच परिणाम दिसतो.

रिंगा व व्हॉल्व्ह यांतील निवड करण्यासाठी सिलिंडरमध्ये थोडे इंजिन ऑइल सोडून पुन्हा दाब पाहण्याची पद्धत आहे. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती भरते. दाब सुधारल्यास दोष रिंगांचा, न सुधारल्यास व्हॉल्व्ह वा गॅस्केटचा. मात्र हे प्रमाण चहाच्या एका चमच्याच्या आत असावे. पिस्टनवरील जागा मुळातच ४० घनसेंटीमीटरच्या आसपास असल्याने जास्त ऑइल ओतल्यास, ते दाबले जात नसल्याने, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

एक गोष्ट पुष्कळदा नजरेतून सुटते. इंजिन दीर्घकाळ व्यर्थ फिरवत राहिल्यास न पेटलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइलचा थर धुऊन टाकते आणि चांगल्या रिंगांचेही संपीडन घटते. हे डिझेल खाली ऑइलमध्ये उतरते. ऑइलची पट्टी पूर्वीपेक्षा जास्त पातळी दाखवत असेल व ऑइलला डिझेलचा वास येत असेल, तर इंजिन सुरू करण्याआधी ऑइल बदलणे आवश्यक ठरते.

फिरण्याचा वेग

संपीडन चांगले असूनही इंजिन हळू फिरत असेल तर हवा तापत नाही, कारण तेवढ्या वेळात उष्णता थंड भिंतीत निघून जाते आणि रिंगांवरून हवाही निसटते. हँडलच्या इंजिनात म्हणूनच डिकॉम्प्रेशन लिव्हर उचलून आधी फ्लायव्हीलला पूर्ण वेग देतात आणि मग लिव्हर सोडतात. पहिले संपीडन हाताच्या जोरावर नव्हे तर फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या शक्तीवर पार होते. लिव्हर लवकर सोडणे हे नवख्या माणसाच्या अपयशाचे सर्वांत सामान्य कारण होय.

स्टार्टरच्या इंजिनात बॅटरीचा व्होल्ट फिरवत असताना मोजावा. स्थिर स्थितीत १२ व्होल्टच्या वर असलेली बॅटरी भाराखाली ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर ती उतरलेली किंवा निकामी आहे. टर्मिनलवरील पांढरट-हिरवी बुरशी व सैल अर्थ तार यांमुळेही हाच परिणाम होतो. स्टार्टर सलग दहा सेकंदांहून अधिक न लावता मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती द्यावी.

थंडी

पूर्वकक्ष असलेल्या इंजिनांत ज्वलनकक्षाचा पृष्ठभाग मोठा असल्याने उष्णता लवकर हरवते. त्यामुळे त्यांना ग्लो प्लग दिलेले असतात. प्लगचा रोध साधारण एक ओहमच्या आसपास असतो. मीटरने तो अनंत दिसल्यास प्लग जळालेला आहे. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या लहान इंजिनांत सहसा ग्लो प्लग नसतात.

कडाक्याच्या थंडीत डिझेलमधील मेण गोठून फिल्टर बुजतो. महाराष्ट्राच्या मैदानी भागात हा प्रश्न क्वचितच उद्भवतो. लडाखसारख्या प्रदेशात तो गंभीर असून तेथे २०१९ पासून उणे ३३ अंश सेल्सियसपर्यंत प्रवाही राहणारे खास हिवाळी डिझेल पुरवले जाते.

हवेचा मार्ग आणि सायलेन्सर

एअर फिल्टर काढून इंजिन फिरवून पाहणे ही क्षणाची चाचणी आहे, फक्त धूळ नसलेल्या जागी करावी. ऑइलच्या भांड्याच्या फिल्टरमध्ये खुणेपेक्षा जास्त ऑइल भरले असल्यास ते इंजिनात ओढले जाते. हंगाम संपल्यावर पडून राहिलेल्या इंजिनाच्या सायलेन्सरमध्ये कुंभारीण माशी मातीचे घर करते, उंदीरही चिंध्या भरतात. पावसासाठी सायलेन्सरवर उपडा घातलेला डबा काढायचा राहून गेल्याची उदाहरणेही कमी नाहीत.

इंधन सोडण्याची वेळ

टीव्ही-१ इंजिनात इंधन पिस्टन माथ्यावर येण्यापूर्वी सुमारे २३ अंशांवर सोडले जाते. ही वेळ गिअरवरील खुणा व पंपाखालच्या पातळ पत्र्यांनी ठरते आणि चालू इंजिनात ती आपोआप फारशी बिघडत नाही. म्हणून पंप किंवा गिअर नुकतेच उघडलेले असतील तरच वेळेवर संशय घ्यावा.

धोके

पेट्रोलचा बोळा एअर फिल्टरशी धरणे किंवा ईथरचा फवारा मारणे हे उपाय सर्रास केले जातात. ईथर फार कमी तापमानाला पेटत असल्याने पिस्टन वर येण्याआधीच स्फोट होऊन रिंगा तुटू शकतात. ग्लो प्लग असलेल्या इंजिनात तर ईथर कधीही वापरू नये. शिवाय या उपायांनी इंजिन सुरू झाले तरी मूळ दोष तसाच राहतो.

नोझल बाहेर काढून फवारा तपासताना त्यासमोर हात धरणे अत्यंत धोक्याचे आहे. सुमारे २०० बार दाबाचा हा फवारा कातडी भेदून आत शिरतो. जखम टाचणीच्या टोकाएवढी दिसते आणि सुरुवातीला फारशी दुखतही नाही, परंतु आत शिरलेले डिझेल पेशी नष्ट करते व काही तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. फवारा जाड कागदावर, अंतर राखून पाहावा. असा अपघात झाल्यास जखम लहान दिसली तरी थेट रुग्णालयात जावे आणि डिझेल दाबाने आत गेल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा, म्हणजे इंजिनाने उलटा झटका दिल्यास हँडल हातातून सुटते व मनगट वाचते. सैल धोतर, पदर वा उपरणे फ्लायव्हील आणि पट्ट्यापासून दूर ठेवावे. बंद खोलीत किंवा खोल विहिरीच्या कठड्याखाली इंजिन चालवून पाहू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

बराच वेळ फिरवून सिलिंडरमध्ये साचलेले डिझेल किंवा ऑइल पेटल्यास इंजिन सुरू होताच बेफाम वेग घेते आणि इंधनाची लिव्हर बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी हवेचे तोंड फळीने किंवा जाड ओल्या पोत्याने घट्ट झाकून इंजिन बंद करतात. डिकॉम्प्रेशन लिव्हर असलेल्या लहान इंजिनात ती उचलूनही इंजिन थांबवता येते, मात्र त्यात व्हॉल्व्हच्या यंत्रणेला इजा होण्याचा संभव असतो. यासाठी दुरुस्तीनंतर इंजिन पहिल्यांदा सुरू करताना हवेच्या तोंडावर बसेल अशी फळी हाताशी ठेवण्याची पद्धत आहे.